सिटी मागून डावीकडं रात्रीत बसतेय, कॉम्प्रेसरचा फ्यूज पण उडतोय – एअर सस्पेन्शनवाले जरा बघा

खालची_सिटी
नमस्कार मंडळी. गाडी होंडा सिटी आयव्हीटेक, २०१० ची. आधी नुसते स्प्रिंग बदलून खाली केली होती पण जुळे सोलापुरातनं सात रस्त्याला जाईस्तोवर प्रत्येक स्पीड ब्रेकरला गाडी तिरकी घ्यायची, मागचे हॉर्न मारून मारून दमायचे, म्हणून शेवटी एअरवर गेलो, म्हणजे गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी बॅगांवर. पुढं स्ट्रटवाल्या (शॉकअपसकट येणाऱ्या) बॅगा, मागं स्प्रिंगच्या जागी बेलो (घड्या असलेली बॅग), डिकीत एक कॉम्प्रेसर, ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी, चारी कोपऱ्यांची हवा भरणारा-सोडणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि मोबाईलवरनं चालणारा कंट्रोलर. कंट्रोलर प्रेशरवर चालतो, हाईट सेन्सर नाहीत. किट बाहेरून मागवलं, बसवून घेतलं एका ठिकाणी. नाव घेत नाही, पैसे पोचल्यापासून फोन उचलत नाहीत एवढंच सांगतो.

तक्रारी दोन. एक, मागची डावी. गेटला उतार आहे म्हणून रात्री गाडी उंच करूनच लावतो, सकाळी बघावं तर मागचं डावं चाक कमानीत गेलेलं, बाकीचे तिन्ही कोपरे जागच्या जागी. साबणाचं पाणी मारून झालं, गाडी पूर्ण खाली बसवून टाकी फुल ठेवून मारलं, कुठंच फेस नाही.

दोन, फ्यूज. टाकी रिकामी असताना कॉम्प्रेसर लावला तर आरामात १७५ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) जातो आणि बंद होतो. नंतर हवा वापरत वापरत १४५ ला आली की परत चालू व्हायला बघतो, एक घुर्र आवाज आणि फ्यूज गेला. नेहमी नाही पण बऱ्याचदा. ४० अँपिअरचा आहे. शेवटचा फोन लागला तेव्हा बसवणारा म्हणला ६० चा टाका, काही होत नाही. टाकू का?

पाटा_पाना
६० चा टाकू नको बे. फ्यूज वायरला वाचवायला असतो, कॉम्प्रेसरला नाय. वायर ४० च्या हिशोबाची आणि फ्यूज ६० चा म्हणजे फ्यूज राहील तसाच आणि डिकीतलं कार्पेट पेटंल. डावीकडचं म्हणशील तर व्हॉल्व्ह ब्लॉक गेलाय, नवा मागव, विषय संपला.

पार्क_चौकातला
+१ ब्लॉक. मित्राच्या पोलोला सेम झालतं.

स्वाती_मेक
अहो थांबा की जरा. ब्लॉक म्हणजे काय पाव किलो शेंगाचटणी आहे का, जाता जाता घेऊन यायला? आधी कोपरा कुठल्या दिशेनं चाललाय ते बघा.

ब्लॉकमध्ये प्रत्येक कोपऱ्याला दोन व्हॉल्व्ह असतात. एक भरणारा, टाकीकडून बॅगकडं. दुसरा सोडणारा, बॅगकडून बाहेर. भरणारा नीट बंद होत नसेल तर टाकीत १७५ आणि बॅगेत ५०-६०, म्हणजे हवा टाकीतनं बॅगेत शिरणार आणि तो कोपरा रात्रीत वर जाणार. यांचा खाली जातोय. म्हणजे भरणाऱ्यावर संशय घ्यायचं कारण नाही. राहिला सोडणारा व्हॉल्व्ह, नाहीतर ब्लॉकच्या पुढची नळी, फिटिंग, बॅग.

आता या दोघांत निवडायला फुकटची टेस्ट. ब्लॉकच्या एक्झॉस्टला छोटा जाळीवाला सायलेन्सर लावलेला असतो, त्याच्यावर फुगा चढवा आणि रबराने घट्ट आवळा. कंट्रोलरचं ऑटो ॲडजस्ट बंद करा, नाहीतर तो मधेच हवा सोडेल आणि काहीच कळणार नाही. फुगा असताना गाडी खाली करायचं बटण चुकूनही दाबू नका. सकाळी फुगा फुगलेला असला तर सोडणारा व्हॉल्व्ह गळतोय. लोंबकळतच असला तर ब्लॉक निर्दोष आहे, पैसे खिशात ठेवा.

खालची_सिटी
वाढदिवसाचा साधा फुगा चालतोय का ताई

स्वाती_मेक
चालेल. टोपी नका घालू गाडीला.

एनएच_६५
एवढं कशाला करताय, दिवसा ४० आणि पहाटे २५, हवा गार झाली की आकसते, दहावी सायन्स. माझी पण सकाळी खाली दिसते, टाकीचा काटा पण खाली येतो. गळती बिळती काही नाही, सोलापूरचं हवामान आहे हे.

लूमवाला
मी गाडीवाला नाही, वाचायला येतो इथं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आमच्याकडं एअरजेट लूम (हवेच्या झोतानं धागा फेकणारे माग) आहेत, त्यामुळं दिवसभर हवेच्या गळत्या शोधणं हाच धंदा.

एनएच भाऊंचं अर्धं बरोबर आहे. टाकी बंद डबा आहे, त्यात तापमानानं प्रेशर पडतं. पण गेज जे दाखवतं ते वातावरणाच्या वरचं असतं, त्यात आधी १४.७ मिळवायचे, मग गणित करायचं. दुपारी ४० डिग्रीला १७५ असेल तर पहाटे २५ ला साधारण १६६ दिसणार. म्हणजे ९ पीएसआय गेले तरी गळती नाही. १४० दिसले तर आहे. शिवाय कॉम्प्रेसर नुकताच बंद झाला असेल तर टाकीतली हवा गरम असते, ती निवल्यावर अजून थोडं उतरतं. आकडा लिहायचा तो अर्ध्या तासानं लिहा.

बॅगचं वेगळं आहे. बॅगेवर गाडीचं वजन रात्री पण तेवढंच असतं, त्यामुळं बॅगमधलं प्रेशर जवळपास तेवढंच राहतं आणि हवेचं आकारमान कमी होतं, ४० वरनं २५ ला येताना ५ टक्क्यांच्या आसपास. गाडी काही मिलिमीटर बसणार, आणि चारी कोपरे बसणार. एकटाच डावा कोपरा कमानीत घुसतोय त्याला हवामान काय करणार.

अजून एक. साबण मारला तेव्हा गाडी पूर्ण खाली होती म्हणता. तेव्हा मागच्या डाव्या लाईनमध्ये हवाच नव्हती की. फेस यायचा कुठनं? टाकी, कॉम्प्रेसर आणि ब्लॉकचा अर्धा भाग तपासला गेला, बाकी काहीच नाही. गाडी रात्री ठेवता तेवढी उंच करून, चाकं जमिनीवर ठेवून साबण मारा. जॅकवर उचलून चाक लोंबकळत ठेवलं तर बॅगेवर वजन येत नाही, प्रेशर पडतं आणि नळीचा पीळ पण बदलतो. शाम्पूचं दाट पाणी, ब्रशनं लावायचं आणि लगेच पुढच्या जॉइंटला पळायचं नाही, एकेका जॉइंटला दोन मिनिटं बघत बसायचं. बारीक गळतीला बुडबुडा येत नाही, पांढरा साका जमतो.

पाटा_पाना
लूमवाल्यांनी सांगितलं ते कर पण बॅगेच्या भरवशावर गाडीखाली मुंडकं घालू नको. नळी सुटली की क्षणात गाडी जमिनीवर येते, ओरडायला वेळ मिळत नाही. चेसिसखाली स्टँड लाव, नाहीतर लाकडी ओंडके सरकव, मगच आत वाक. बसचं काम करताना बघितलंय मी, बलूनवाली व्होल्वो बॉडी टेकवल्याशिवाय एक हेल्पर खाली जात नाही.

वकीलसाहेब_एमएच१३
तांत्रिक चर्चा छान चाललीय, त्यात मीठ टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिल्यांदा हाच मुद्दा काढणार. एवढं सगळं करण्यापेक्षा गाडी आहे तशी का चालवत नाही हे मला खरंच कळत नाही.

पार्क_चौकातला
वकीलसाहेब तुम्ही गड्ड्याच्या जत्रेत जाऊन पाळण्यात बसता का? तसंच आहे हे

वकीलसाहेब_एमएच१३
पाळण्याला परवाना असतो.

खालची_सिटी
😂 साहेब बरोबर आहे तुमचं. जुने स्प्रिंग आणि शॉकअप गुंडाळून माळ्यावर ठेवलेत, आरटीओत काय होऊ शकतं ते विचारायला जाणार आहे आणि इन्शुरन्सवाल्याला मेल टाकलाय. तोवर आधी ही गळती तर सापडू दे.

पाटा_पाना
फ्यूजचं राहिलंच. तू लिहिलंस की रिकाम्या टाकीपासून भरतो तेव्हा काही होत नाही आणि १४५ ला परत चालू व्हायच्या वेळी उडतो. मग वायर नंतर बघू, आधी चेक व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसरपासून टाकीकडं स्टीलच्या जाळीची जी छोटी होज येते तिच्या टाकीकडच्या टोकाला असतो. त्याचं काम हवेला टाकीत जाऊ द्यायचं, परत येऊ द्यायचं नाही. तो फसला की टाकीतलं सगळं प्रेशर कॉम्प्रेसरच्या डोक्यावर येऊन बसतं आणि मोटरला पहिल्याच फेरीला १४५ च्या विरुद्ध पिस्टन ढकलावा लागतो, मोटर अडकते, करंट चढतो, फ्यूज गेला. ट्रकच्या एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरला अनलोडर असतो, प्रेशर झालं की कॉम्प्रेसर मोकळा फिरतो. तुमच्या डिकीतल्या खेळण्यांना तो नसतो म्हणून चेक व्हॉल्व्ह नीट पाहिजे.

बघायचं कसं, टाकी १५० च्या पुढं भर, कॉम्प्रेसर बंद कर, त्याची वायर काढ, होज गार होऊ दे (चांगलीच तापते ती, म्हणून तर तिथं प्लास्टिकची नळी लावत नाहीत) आणि कॉम्प्रेसरकडचा नट सावकाश ढिला कर, डोळ्याला चष्मा लावून. फुस्स होऊन थांबलं तर चेक व्हॉल्व्ह चांगला. येतच राहिलं तर गेला.

स्वाती_मेक
पाटा_पाना काका एक नंबर. ब्लॉकचं माफ केलं तुम्हाला.
यात एवढीच भर, चेक व्हॉल्व्ह झाल्यावर पण व्होल्टेज बघाच. इंजिन चालू, कॉम्प्रेसर लोडवर चालू, मीटर थेट कॉम्प्रेसरच्या दोन टोकांना. १३ च्या आसपास पाहिजे. ११ च्या घरात दिसलं तर वायर बारीक आहे नाहीतर अर्थिंग रंगावरच बोल्ट मारून दिलंय. रंग खरवडून पत्र्याला घ्यायचं असतं. आणि मुख्य फ्यूज बॅटरीजवळ पाहिजे, डिकीत नाही. डिकीत असला तर बॅटरीपासून मागंपर्यंतची सगळी वायर उघडीच की.

खालची_सिटी
अपडेट. फुगा सकाळी जसाच्या तसा, म्हणजे ब्लॉक सुटला. टाकी रात्री १७२ सकाळी १६५, लूमवाल्या दादांच्या हिशोबात बसतंय. डावा कोपरा नेहमीसारखा खाली.

मग गाडी उंच केली, ओंडके लावले आणि शाम्पू घेऊन बसलो. ब्लॉकवरच्या फिटिंगला काही नाही. बॅगेच्या खालच्या प्लेटला काही नाही. बॅगेच्या डोक्यावर जे एल्बो (वाकडं) फिटिंग आहे तिथं आधी काहीच दिसंना, मग एका बाजूनं पांढरा साका जमायला लागला. नळी बोटानं गाडीच्या आतल्या बाजूला दाबली की फेस बंद. सोडली की सुरू. बाहेरच्या बाजूला ओढली तर चक्क सूं आवाज येलाय बे. फोटो टाकतोय. अजून एक विचित्र गोष्ट, बाकी तिन्ही कोपऱ्यांना काळी नळी आहे तिच्यावर इंचाचा छाप आहे, या कोपऱ्याला मात्र निळी. मला वाटलं डावं-उजवं ओळखायला रंग वेगळा ठेवला असेल.

लूमवाला
फोटो बघितला आणि हसू आलं. ती निळी नळी आमच्या कारखान्यात किलोमीटरनं आहे. व्हर्नियर असेल तर काळी आणि निळी दोन्ही मोजून सांगा.

खालची_सिटी
काळी ६.३५, निळी ६.०

लूमवाला
झालं. तुमचं किट इंचातलं आहे, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. इकडं न्यूमॅटिकच्या दुकानात सगळं मिमीमध्ये मिळतं, ६, ८, १०, १२. बसवणाऱ्याची काळी नळी शेवटच्या कोपऱ्याला कमी पडली असणार आणि त्यानं ६ ची निळी आणून खुपसली. फिटिंगच्या आत जे दात असतात ते ६ ची नळी पण पकडतात, ओढून बघितली तर सुटत नाही, म्हणून बसवणाऱ्याला वाटतं झालं काम. पण हवा अडवायचं काम दात करत नाहीत, आतली ओ-रिंग (रबरी कडं) करते आणि तिच्यात ०.३५ चं अंतर आहे. नळी सरळ असेल तर कसंबसं धरतं. गाडी उंच केली की बॅग लांब होते, नळी ताणली जाते, फिटिंगमध्ये तिरकी होते आणि एका बाजूनं वाट मोकळी. तुम्ही रात्री उंच ठेवता, म्हणून रात्री गळते. पुढं जर तीन अष्टमांश इंचाची लाईन असेल तर ती ९.५ असते, तिथं १० ची नळी शिरतच नाही, त्यामुळं तो घोटाळा होत नाही. पाव इंच आणि ६ हेच डेंजर.

दुसरं, ती निळी पीयू (पॉलीयुरेथेन) नळी आहे. तिची क्षमता साधारण ८ ते १० बारची, ती पण गार हवेत. आमची कारखान्याची लाईन ६-७ बारवर चालते, तिथं ठीक. तुमची टाकी १७५ पीएसआय म्हणजे १२ बार. बॅगकडं एवढं जात नसलं तरी उन्हाळ्यात गाडीखाली, सायलेन्सरच्या धगीजवळ, पीयू नको. एअर ब्रेकच्या प्रकारची नायलॉन नळी घ्या, पण इंचाच्या मापातली, मोजून.

कापताना नळी कापायचं कटर वापरा नाहीतर नवं ब्लेड. पक्कड किंवा कात्रीनं कापली की तोंड चपटं आणि तिरकं होतं, आत ढकलताना तोच काठ ओ-रिंग चिरतो. ढकलताना एकदा अडल्यासारखं वाटतं, तिथं थांबायचं नाही, अजून एक टप्पा आत जाते. मग मागं ओढून बघायचं. आणि फिटिंगमधनं बाहेर आल्यावर लगेच वळवायची नाही, थोडी सरळ जाऊ द्यायची. गाडी पूर्ण वर आणि पूर्ण खाली दोन्ही वेळा नळी ढिली राहिली पाहिजे.

ती ओ-रिंग इतके दिवस एका बाजूनं दाबली गेलीय, एल्बो पण नवा टाका. तो घेताना आट्यांकडं लक्ष. किटमध्ये एनपीटी (अमेरिकन मापाचे) असतात, इकडं बीएसपी (ब्रिटिश मापाचे) मिळतात. पाव इंचात एनपीटीला इंचाला १८ आटे आणि बीएसपीला १९. दोन-तीन फेरे जातात मग जाम होतं, लोक पाना लावून अजून आवळतात आणि म्हणतात बसलं घट्ट.

पाटा_पाना
आट्याला टेफ्लॉन टेप गुंडाळू नको. टेपचा एखादा धागा सुटून आत गेला की व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. पातळ सीलंट मिळतं, पहिले दोन आटे सोडून लाव आणि वाळू दे.

खालची_सिटी
काका तुमच्या तोंडात साखर. आज चेक व्हॉल्व्ह उघडला. नट ढिला केला तर हवा थांबायचं नावच घेईना, टाकी १०० च्या खाली येईस्तोवर येतच होती. टाकी पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह काढला आणि आत बघितलं तर छोट्या गोल सीटवर पांढरा टेफ्लॉनचा धागा, नखानं काढला तर बोटभर लांब निघाला. टाकीच्या सगळ्या आट्यांना टेप होती, तीन-तीन पदर. चेक व्हॉल्व्ह नवा टाकला, सगळे आटे साफ करून सीलंट लावलं, टाकी काढून उलटी करून झटकली तर आतनं अजून दोन तुकडे आणि चमचाभर पाणी.

मागची डावी नळी इंचाची मिळाली, एल्बो पण. काल रात्री उंच ठेवली, आज सकाळी चारी कोपरे एका लेव्हलला. फ्यूज ४० चाच आहे, १४५ ला परत चालू झाला, काही नाही. लोडवर व्होल्टेज १३.१.

लूमवाला
पाणी आलं म्हणजे ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) टाकीच्या तळाला आहे का बाजूला, ते बघा. तळालाच पाहिजे. आता हवा कोरडी आहे, पावसाळ्यात पाणी खूप येतं, दर आठवड्याला कॉक उघडत जा. आणि टाकीच्या आधी वॉटर ट्रॅप बसवा, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये पांढरा गंज धरतो.

स्वाती_मेक
अभिनंदन! आता गाडी पूर्ण खाली बसवा, टॉर्च घ्या आणि चारी बॅगांभोवती फिरवा. मग अर्ध्यावर, मग पूर्ण वर. पुढं स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून. बॅगेला कुठं काही टेकत असेल, ब्रेक होजची क्लिप, पत्र्याची कड, टायर, तर तिथं रबर चकचकीत दिसतं. तो चकचकीत डाग म्हणजे पुढं फुटणारी जागा. बहुतेक बॅगा जुन्या होऊन मरत नाहीत, घासून मरतात.

आणि अलाइनमेंट ज्या उंचीवर रोज चालवता त्याच उंचीवर करून घ्या. खाली केली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत झुकतो, टो (चाकाची समोरची दिशा) पण बदलतो, आतल्या कडेनं टायर खाल्लं जातं आणि बाहेरनं बघितलं तर टायर नवं वाटतं. शोच्या एकदम खालच्या उंचीवर नुसती उभी करा, चालवू नका, ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाईट होतात आणि बॅग चिमटली जाते.

खालची_सिटी
उजव्या मागच्या बॅगेला बारीक चमक दिसली, हँडब्रेकची केबल टेकत होती. क्लिप फिरवून लांब केली. एक शंका, घरची चौघं बसली आणि डिकीत सामान टाकलं की गाडी जास्तच खाली जाते, कंट्रोलर वर आणायच्या ऐवजी अजून हवा सोडतो. हे काय?

स्वाती_मेक
तुमचा कंट्रोलर प्रेशर बघतो, उंची नाही. वजन आलं की बॅग दबते आणि प्रेशर वाढतं. त्याला वाटतं ठरवल्यापेक्षा जास्त झालं, म्हणून सोडतो. बसमध्ये उलटं असतं, तिथं लेव्हलिंग व्हॉल्व्हला एक दांडी असते, बॉडी खाली आली की ती दांडी वळते आणि हवा आत घेते, तो उंचीवरच चालतो. तुम्ही फॅमिलीसाठी वेगळा प्रीसेट करा, मागं १५-२० पीएसआय जास्त ठेवून बघा, चौघांना बसवून फेंडर ते चाकाचा मध्य असं टेपनं मोजा आणि रिकाम्या गाडीच्या मापाशी जुळवा.

एनएच_६५
उन्हाळ्यात डिकीत कॉम्प्रेसर बंद पडला तर घाबरू नको, माझा दुपारी होटगी रोडला पडतो. तापला की आतला थर्मल कटआउट बंद करतो, गार झाला की आपोआप चालू. त्याच्यावर सतरंजी वगैरे टाकू नको.

लूमवाला
हे मात्र पूर्ण बरोबर 👍

मोहोळचा_पप्या
धागा एक नंबर. माझ्या स्विफ्टला फक्त मागं एअर आणि पुढं स्प्रिंग तसेच ठेवले तर चालतंय का? बजेट कमीय

स्वाती_मेक
वेगळा धागा काढा, मॉडेलचं वर्ष लिहा, मागचा स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत त्याचा फोटो टाका. आणि नळी घ्यायला जाताना व्हर्नियर घेऊन जा.